फोन माझा, दप्तर तुमचे : शालेय शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, शालेय शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई,
तसेच राज्यातील सर्व जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक)

विषय : शिक्षकांच्या खासगी मोबाईलवर चालणाऱ्या शासकीय कामाबाबत
संदर्भ : नाही

महोदय,

संदर्भापुढे 'नाही' लिहिलेले पत्र आपल्या टेबलावर फार काळ टिकत नाही, याची मला कल्पना आहे. पण संदर्भ शोधूनही सापडला नाही. आमच्या शाळेची परिपत्रकांची फाइल मी पहिल्या पानापासून चाळली. अमुक अ‍ॅप सर्व शिक्षकांनी डाउनलोड करावे, तमुक माहिती सायंकाळी पाचपर्यंत भरावी, फोटो जिओटॅगसह (काढल्याच्या ठिकाणाच्या नोंदीसह) असावेत, विलंब झाल्यास मुख्याध्यापकांस जबाबदार धरण्यात येईल, हे सगळे तिच्यात आहे. हे सारे कोणाच्या फोनवर करायचे, एवढे एक वाक्य मात्र एकाही कागदावर नाही. फोन आहेच, असे धरून सगळी परिपत्रके पुढे सरकतात. तो आहेही. माझ्या पगारातून हप्त्याने घेतलेला.

मी कोयना खोऱ्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते चौथी, पट विशीच्या आसपास. शाळेत जडवस्तू संग्रह नोंदवही आहे, जिला आपण सगळेच डेडस्टॉक म्हणतो. तिच्यात लोखंडी कपाट आहे, पोषण आहाराची पातेली आहेत, वजनकाटा आहे, कधीचा बंद पडलेला संगणक आहे. एक पाय मोडलेली खुर्चीसुद्धा आहे, कारण तिच्या निर्लेखनाला, म्हणजे ती नोंदवहीतून काढून टाकायला, अजून मंजुरी आलेली नाही. दप्तर तपासणीला येणारे साहेब ती खुर्ची खरोखर आहे ना, हे मागच्या खोलीत जाऊन बघतात. ते बरोबरच करतात. सरकारी वस्तू आहे. पण ज्या एका वस्तूवाचून शाळेचा दिवस शासनाच्या लेखी भरतच नाही, ती या नोंदवहीत नाही आणि दुसऱ्याही कुठल्या नोंदवहीत नाही. माझ्या या पत्राचे सगळे म्हणणे एवढेच आहे : जे चालले आहे ते कागदावर आणा.

मंत्रालयात बसून कदाचित दिसत नसेल, म्हणून एक साधा दिवस सांगते. परिपाठ झाला की कॅटलॉगवर हजेरी. डिसेंबर २०२३ पासून तीच हजेरी शाळांची माहिती ऑनलाईन गोळा करणाऱ्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवरही. मग पोषण आहार. किती मुले जेवली, आज काय शिजले, माणशी १०० ग्रॅमप्रमाणे तांदूळ किती गेला, शिल्लक किती. ज्या दिवसाची ऑनलाईन नोंद राहिली त्या दिवशी मुले कागदोपत्री उपाशी, आणि इंधन-भाजीपाल्याचे पैसे अडकतात ते वेगळे. दुपारपर्यंत आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, ग्रुपवर एखादी लिंक आलेली असते, वर 'अति तात्काळ' लिहिलेले. लिंकमध्ये जी माहिती मागितलेली असते ती बहुतेक वेळा यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर आधीच भरलेली असते, पण ते विचारायचे नसते. मग फोटो : झाड लावले त्याचा, तिरंगा लावला त्याचा, हात धुतले त्याचा, नवसाक्षर आजी पाटी घेऊन बसली त्याचा. चाचण्यांच्या दिवसांत एकेका मुलाच्या एकेका प्रश्नाचे गुण. वर्षाच्या ठरावीक काळात आधार, अपार (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक), संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदे ठरवणे). यातले एकही काम शाळेतल्या बंद संगणकावर होत नाही, आणि तो सुरू असता तरी सगळी झाली नसती, कारण निम्मी कामे फोनच्याच अ‍ॅपसाठी बनवलेली आहेत. शिवाय आमच्याकडे रेंज शाळेत येत नाही. ती देवळामागच्या टेकाडावर येते. पावसाळ्यात छत्री घेऊन टेकाडावर उभी असलेली बाई दिसली की गावाला कळते, आज काहीतरी शेवटची तारीख आहे.

हे सुरू कसे झाले ते आपल्याला आठवत असेल. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे म्हणत आम्ही आमचे फोन पुढे केले. कोणी मागितले नव्हते. पालकांचे ग्रुप आम्ही आमच्या नंबरावर केले, धड्यांचे व्हिडिओ आमच्या डेटावर पाठवले, ज्या घरात फोन नव्हता तिथे स्वतः गेलो. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही, तो काळच तसा होता. तक्रार त्यानंतरची आहे. साथ गेली, शाळा उघडल्या, आणि आपत्तीत पुढे केलेली वस्तू कायमची व्यवस्था म्हणून धरली गेली. त्यावर कोणी निर्णय घेतला नाही, कोणी सही केली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली, ते चांगलेच झाले. पण वर्गवारी कामांची झाली. ती कामे ज्यावर होतात त्या साधनाबद्दल तेव्हाही कोणी बोलले नाही.

गावाला यातले काय दिसते तेही ऐका. एका पालकाने वर्गाच्या खिडकीतून माझा व्हिडिओ काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला : मॅडम वर्गात मोबाईल बघत बसतात. मी तेव्हा जेवणाऱ्या मुलांचा आकडा भरत होते, कारण नंतर टेकाडावर जायला वेळ मिळणार नव्हता आणि तेवढ्यात एक काडी रेंज आली होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघाला. मी अ‍ॅप उघडून दाखवले, लोकांनी मान डोलावली. तरी त्या पालकाचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्याची मुलगी दुसरीत आहे, तिची बाई हातातल्या फोनमध्ये डोके घालून बसली आहे, हे त्याने खरेच पाहिले. बाई सरकारी काम करते आहे की नणंदेच्या लग्नाचे फोटो बघते आहे, हे खिडकीतून कसे कळणार? फोनवर शाळेचे नाव असते, तो टेबलावर ठेवलेला असता, तर निदान प्रश्न वेगळा झाला असता.

जुलै २०२१ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने कार्यालयीन वेळेत मोबाईल कसा वापरावा याच्या सूचना काढल्या होत्या. कामासाठी शक्यतो कार्यालयातला दूरध्वनीच वापरावा, मोबाईल गरज असेल तरच. त्या सूचनांशी माझे भांडण नाही, त्या कार्यालयांसाठी शहाणपणाच्याच आहेत. आमच्या शाळेत दूरध्वनी म्हणजे घंटा, तीही रुळाच्या तुकड्याची. पुढे जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांबद्दल सूचना आल्या, त्यात कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत असे म्हटले आहे. ठेवू की. पण दोन्ही खाती उघडायची एकाच फोनवर, एकाच सिमवर, आणि त्या फोनचा मालक शासनाला ठाऊक नाही.

पैशाचे मी शेवटी लिहिणार होते, कारण पैसे काढले की बाकीचे ऐकू येईनासे होते. पण उरकून टाकते. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषाप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान. त्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, रंग, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. त्यातून रिचार्ज मारला तर किर्दीत, म्हणजे जमाखर्चाच्या वहीत, लिहायचा कुठल्या नावाने? सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, एखाद्या व्यवहारी माणसाने तो बसवलाच, तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. यावर जे उत्तर मिळते ते सगळ्या शिक्षकांनी ऐकलेले आहे : रिचार्ज तर तुम्ही घरासाठी असाही मारता, डेटा अनलिमिटेड आहे, शाळेच्या कामाने वेगळे काय लागते?

हा युक्तिवाद दुसरीकडेही झालेला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या अपील न्यायालयापुढे २०१४ मध्ये नेमका हाच प्रश्न होता. घरोघर गोठवलेले अन्न विकणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला कामासाठी स्वतःचा फोन वापरावा लागत होता, आणि त्याचे बिल तर तो स्वतः भरतही नव्हता. न्यायालयाने सांगितले की प्लॅन अमर्याद असला, बिल दुसऱ्या कोणी भरले, तरी कामासाठी सक्तीने वापरलेल्या फोनच्या खर्चाचा वाजवी हिस्सा मालकाने द्यायलाच हवा, नाहीतर धंद्याचा खर्च मालकाच्या खिशातून कामगाराच्या खिशात सरकतो. तो कायदा त्यांचा, आपल्याला लागू नाही. पण त्यातला तर्क समजायला कॅलिफोर्नियाला जावे लागत नाही. माझी स्कूटी मी घरासाठीही वापरते, म्हणून प्रशिक्षणाला गेल्यावर प्रवासभत्ता नाकारला जात नाही.

आता ज्याच्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले ते. ओटीपी आणि मुलांची माहिती.

माझ्या आधीचे गुरुजी ऑनलाईन बदलीत दुसऱ्या तालुक्यात गेले. चार्ज देताना त्यांनी मला किल्ल्या दिल्या, दाखल-खारीज नोंदवही दिली, तांदळाची पोती मोजून दिली. सगळे चार्जयादीत लिहून सह्या झाल्या. एक गोष्ट त्यांना देता आली नाही, कारण ती त्यांच्या खिशात होती : शाळेच्या निम्म्या पोर्टलांना जोडलेला त्यांचा मोबाईल नंबर. नंबर बदलायचा तर अर्ज तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, आणि बदलासाठीचा ओटीपी पुन्हा जुन्याच नंबरावर. महिनोन्महिने असे चालले की मी टेकाडावरून लॉगिन करायचे, ओटीपी त्यांच्या वर्गात वाजायचा, ते गणित थांबवून मला फोन करायचे, 'बाई, आकडा लिहून घ्या.' तेवढ्यात माझी रेंज गेली की आकड्याची मुदत संपायची. गुरुजी सज्जन, कधी चिडले नाहीत. निवृत्त झालेल्या किंवा वारलेल्या मुख्याध्यापकांच्या शाळांचे काय होत असेल, याचा विचार आपणच करावा. आणि एक बाजू बघा. बँक, पोलीस, रिझर्व्ह बँक, सगळे कानीकपाळी ओरडतात की ओटीपी कोणालाही सांगू नका. आपली व्यवस्था मात्र एका शिक्षकाने दुसऱ्याला ओटीपी सांगितल्याशिवाय चालत नाही.

तीच गत अ‍ॅपची. 'प्ले स्टोअरवर अजून आलेले नाही, सोबतची एपीके टाका' असा निरोप कधी ना कधी ग्रुपवर आलेला आहे. एपीके म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायची अ‍ॅपची फाइल. त्याच फोनवर सायबर पोलिसांचा इशाराही येतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके उघडू नका, खाते रिकामे होईल. माझे पगाराचे खाते याच फोनवर आहे. कोणाचे ऐकायचे?

मुलांच्या माहितीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे प्रश्न माझा उरत नाही. आज माझ्या फोनमध्ये माझ्या शाळेतल्या जवळजवळ सगळ्या मुलांची आधार कार्डे फोटोरूपात आहेत. पालकांचे नंबर आहेत, काहींच्या बँक पासबुकाची पहिली पाने, जातीचे दाखले, उंची-वजन, कोण स्थलांतरित कुटुंबातले, कोणाचे वडील नाहीत. मी ही माहिती हौसेने गोळा केलेली नाही. अपलोड करताना साइट अडकते, फाइलचा आकार लहान करावा लागतो, पुन्हा मागतात, म्हणून सगळे शिक्षक ती गॅलरीत ठेवून देतात. गॅलरी आपोआप माझ्या खासगी ईमेलच्या क्लाऊडवर चढते. कित्येकदा माहिती भरायची ती उघड्या गूगल शीटवर, जिची लिंक ज्याच्याकडे असेल त्याला अख्ख्या तालुक्यातल्या मुलांची नावे आणि त्यांच्या आईवडिलांचे नंबर वाचता येतात, हवे तर पुसताही येतात.

फोन पडला आणि डिस्प्ले गेला. तालुक्याच्या बाजारातल्या दुकानदाराने विचारले, 'मॅडम, पॅटर्न सांगा, चेक करायला लागेल.' सगळेच सांगतात. आता त्या पॅटर्नमागे काय काय होते, ते वर लिहिलेच आहे. दुकानदार भला माणूस आहे, पण मुलांची गोपनीयता त्याच्या भलेपणावर सोडावी, असे कुठल्या धोरणात बसते? जुना फोन बदलून नवा घेतात, तेव्हा जुन्याबरोबर काय काय जाते, हे कोण बघते?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या पाळण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे आणि बालकांच्या माहितीला जास्तीचे संरक्षण आहे. शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत, मान्य. पण माहिती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून कोणी सुटलेले नाही, आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती कशासाठी आणि कशी हाताळायची हे जो ठरवतो, त्याच्यावर कायदा जबाबदारी टाकतो. ते ठरवणारे आपण आहात. मी फक्त हुकमाप्रमाणे भरणारी. पण उद्या एखाद्या मुलीचा फोटो आणि पत्ता भलत्याच्या हाती लागला आणि तो माझ्या फोनमधून गेला असे निघाले, तर पहिली कारणे दाखवा नोटीस कोणाच्या नावाने निघेल, हे आपल्या खात्यात वीस वर्षे काढलेल्या कोणालाही सांगता येईल. माझा फोन शासकीय कामासाठी होता, हे मी तेव्हा कशावरून दाखवू? कागद कुठे आहे?

माझी भाची हिंजवडीत एका कंपनीत आहे. तिथेही लोक स्वतःचा फोन वापरतात, पण आधी सही होते. तिच्या फोनमध्ये कामाचा वेगळा कप्पा आहे, त्यातल्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह दिसते. अ‍ॅण्ड्रॉइडमध्ये ही सोय २०१४-१५ पासून आहे. कामाच्या कप्प्यातला फोटो घरच्या गॅलरीत येत नाही, कंपनीला तिचे घरचे काही दिसत नाही, आणि तिने नोकरी सोडली की कंपनी दुरून फक्त तो कप्पा पुसते. सुट्टीच्या दिवशी ती तो कप्पा बंद ठेवते. मी तिला विचारले, हे फार महाग असते का? ती हसली. म्हणाली, मावशी, महाग काही नाही, कोणीतरी बसून नियम लिहावे लागतात.

आता उलट बाजू. माझेच काही सहकारी म्हणतील, बाई, सरकारी फोन मागू नका, मिळेल तो अंगणवाडीसारखा मिळेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या शाळेच्या भिंतीला भिंत लागून अंगणवाडी आहे, त्यामुळे तो सगळा प्रकार मी शेजारून पाहिला. सेविकांना शासनाने फोन दिले. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचे, मुलांच्या पोषणाच्या नोंदींसाठीचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप आले, ते त्या फोनांना पेलवेना. फोन तापायचे, अडकायचे, मेमरी भरायची, वर अ‍ॅप इंग्रजीत. दुरुस्तीचा खर्च आमच्याच अंगावर येतो, अशी सेविकांची तक्रार होती. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. आणि मग त्यांना काय सांगण्यात आले? तुमच्या घरच्या फोनवर भरा. घरी फोन एक, तो मुलाच्या कॉलेजसाठी नाहीतर नवऱ्याकडे. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत संप झाला, त्यानंतर मानधनवाढीबरोबर नवे मोबाईल देण्याचे मान्य झाले. म्हणजे निकृष्ट फोन द्यायचा आणि तो चालेना झाला की बाईच्या पर्सकडे बोट दाखवायचे, ही वाट आपण एकदा चालून बघितलेली आहे. मी ती मागत नाही.

हा प्रश्न एकट्या शिक्षण खात्याचा नाही, हेही कबूल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे, शक्यतो मोबाईल फोनने, असे लिहिले आहे. मोबाईल कोणाचा, ते लिहिलेले नाही. चित्रीकरण पुराव्यात येते तेव्हा जोडायच्या प्रमाणपत्रात मात्र उपकरणाचे मॉडेल आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांकही लागतो. म्हणजे हवालदाराचा घरचा फोन खटल्याच्या कागदात कायमचा जाऊन बसतो. २०२७ च्या जनगणनेत प्रगणकांनी स्वतःच्या स्मार्टफोनवरच माहिती गोळा करायची आहे, आणि प्रगणक बहुतेक शिक्षकच असतात, हे आपल्याला मी सांगायला नको. तिथे निदान मानधन ठरलेले आहे आणि काम कधी संपणार ते माहीत आहे. आमचे काम संपत नाही, रात्री साडेनऊला 'आजच्या आज' येते आणि निळी टिक दिसली की निरोप पोचला असे समजले जाते.

तर मागणे काय? प्रत्येक शाळेला शाळेच्या नावाचा एक मोबाईल नंबर द्या. हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण याचा खर्च सगळ्यात कमी आणि हा नसल्याचा त्रास सगळ्यात जास्त. सिम शाळेचे, ते चार्जयादीत, मुख्याध्यापक बदलला तरी नंबर तोच. सगळी पोर्टले त्या नंबरावर. ज्या शाळेत शक्य आहे तिथे एक बरा टॅब किंवा फोन द्या, त्याची डेडस्टॉकला नोंद होऊ द्या, आणि दुरुस्ती कोणी करायची हे खरेदीच्या आदेशातच लिहा, नंतर नको. तो टॅब रात्री शाळेच्या कपाटात राहील, माझ्या उशाशी नाही, आणि माझ्या मते हा त्याचा मोठाच फायदा आहे.

जिथे तो देता येणार नाही, तिथे खासगी फोन वापरावा लागतो असे शासन निर्णयात स्पष्ट म्हणा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. त्याचा वाजवी भत्ता ठरवा, म्हणजे लेखापरीक्षकालाही उत्तर मिळेल. फोन बंद पडला, हरवला, रेंज नव्हती, या कारणाने नोटीस निघणार नाही, हे लिहा. एपीके पाठवणे बंद करा. ज्या अ‍ॅपमध्ये मुलाच्या कागदपत्राचा फोटो लागतो, त्या अ‍ॅपनेच तो काढावा, पाठवावा आणि फोनमध्ये मागे ठेवू नये. हे आजच्या तंत्रात अवघड नाही, पैसे भरायची अ‍ॅप हे रोज करतात. मुलांच्या माहितीच्या उघड्या शीट आजपासून थांबवा, त्याला तर शासन निर्णयाचीही गरज नाही, आपल्या एका निरोपाने होईल. आणि ज्या शिक्षिकेला आपल्या खासगी फोनवर हे काम नको असेल, तिला तसे म्हणता आले पाहिजे आणि त्याचा तिच्या गोपनीय अहवालाशी संबंध नसावा.

संघटनांनाही मी हे पत्र पाठवते आहे. त्यांचे 'ऑनलाईन कामांवर बहिष्कार' हे दरवर्षीचे हत्यार मला फारसे पटत नाही. बहिष्कार पंधरा दिवस चालतो, मग साचलेले सगळे एका रविवारी भरावे लागते, आणि पोषण आहाराचे पैसे अडकले की झळ मदतनीस ताईंना बसते. ऑनलाईन काम मला नको आहे असेही नाही. कॅटलॉगच्या बेरजा हाताने करण्यात मी जन्म घालवला आहे, तिकडे परत जायची हौस नाही.

एक तारीख मात्र पाळता आली तर बघा. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की यू-डायस प्लसची माहिती पुन्हा भरायची असते आणि त्यात 'मुख्याध्यापकाचा मोबाईल क्रमांक' असा रकाना आहे. पुढच्या बदल्यांत माझे नाव येण्याची शक्यता आहे. त्या रकान्यात कोणाचा नंबर लिहायचा, हे तेवढे त्याआधी कळवावे.

आपली विश्वासू,
एक प्रभारी मुख्याध्यापिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा